गाडी बोलावण्याआधी

प्रश्न : माझे पती 42 वर्षांचे असून इचलकरंजीत यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. गेली 15 वर्षे ते दारू पितात आणि आता सकाळी उठल्याबरोबर घेतल्याशिवाय त्यांचा हात स्थिर राहत नाही. दरवर्षी श्रावणात ते सोडतात. गेल्या श्रावणात तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर किडे दिसू लागले, ते कोणाशीतरी बोलू लागले, आम्हालाही ओळखेनात. बाहेरचे काही असेल म्हणून आम्ही देवऋषीकडे नेले. शेवटी दिरांनी थोडी पाजली तेव्हा ते शांत झाले. आता दिरांनी एका व्यसनमुक्ती केंद्राची माहिती काढली आहे. फोन केला की रात्री गाडी येते, चार माणसे उचलून नेतात, सहा महिने ठेवतात आणि पहिले तीन महिने भेटू देत नाहीत. नणंदबाई म्हणतात, त्यापेक्षा जेवणात मिसळायची पूड आणा. मला दोन्हींची भीती वाटते. शिवाय तिथे सगळे पुरुषच, आणि तेही पिणारेच. त्यांच्यात राहून हे सुधारतील की आणखी बिघडतील? मुलगा नववीत आहे, तो वडिलांशी बोलत नाही.
— एक भगिनी, इचलकरंजी

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला ज्या दोन गोष्टींची भीती वाटते ती दोन्ही बाबतींत योग्य आहे आणि त्याविषयी मी सविस्तर लिहिणारच आहे. परंतु तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट तुम्ही ओघात सांगून गेला आहात, ती म्हणजे श्रावणातील ती तिसरी रात्र. त्याविषयी आधी बोलू, कारण येत्या श्रावणात, गणपतीत किंवा एखाद्या शपथेपायी तेच पुन्हा घडले तर त्यात तुमच्या पतींचा जीव जाऊ शकतो.

दारू मेंदूचे काम मंदावते. ती वर्षानुवर्षे रोज मिळत राहिली की मेंदू तिला तोंड देण्यासाठी स्वतःला सतत अधिक उत्तेजित ठेवायला शिकतो, आणि ती एकाएकी बंद झाली की मंदावणारे द्रव्य निघून जाते व उत्तेजना तेवढी उरते. पहिल्या 6 ते 24 तासांत हातांना थरथर सुटते, घाम येतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना किडे, साप, माणसे दिसू लागतात, स्थळकाळाचे भान सुटते, ताप चढतो आणि नाडी जोरात धावू लागते. या अवस्थेला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. ती बाहेरची बाधा नव्हती. दिरांनी थोडी पाजल्यावर ते शांत झाले हाच त्याचा पुरावा आहे. त्या रात्री तुम्ही घाबरून जे केले त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका; मात्र ज्याला एकदा ही अवस्था आली त्याला पुढच्या वेळी ती पुन्हा येण्याचा धोका अधिक असतो, हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा. तुमच्या पतींनी घरच्या घरी, डॉक्टरांच्या देखरेखीविना दारू एकदम बंद करायची नाही. माळ घालायची असो, नवस असो की मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ असो, आधी रुग्णालय, मग बाकीचे. रुग्णालयात पहिले काही दिवस दारूची जागा घेणारी शामक औषधे देऊन ती हळूहळू कमी करत नेतात, आणि ब-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, कारण त्या जीवनसत्त्वाची कमतरता भरून न काढल्यास स्मरणशक्तीची कायमची हानी होऊ शकते. शरीराचा हा टप्पा बहुधा आठ-दहा दिवसांत पार पडतो.

आता पुडीविषयी. जेवणात गुपचूप मिसळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये काय असते हे विकणाराही सांगत नाही. दारूची चीड आणणारे म्हणून जे औषध खरोखर अस्तित्वात आहे ते डायसल्फिरॅम. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो, आणि हृदय किंवा यकृत कमकुवत असेल तर जीवही जाऊ शकतो. म्हणूनच यकृताची तपासणी करून, रुग्णाला सर्व समजावून आणि त्याच्या संमतीनेच ते दिले जाते. दारू सोडून काही आठवडे झालेला माणूस जेव्हा रोज सकाळी पत्नीसमोर स्वतःच्या हाताने ती गोळी घेतो, तेव्हा तीच गोळी त्याला मोठा आधार देते. नणंदबाईंचा हेतू चांगला आहे, हे मला ठाऊक आहे. पण जेवणात काय मिसळले आहे हे न कळता पतींनी वर एक क्वार्टर घेतली आणि ते कोसळले, तर तुम्हाला आयुष्यभर स्वतःला क्षमा करता येणार नाही. तो मार्ग आजच बंद करा.

रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणाऱ्या केंद्रांविषयी माझे मत स्पष्ट आहे आणि ते मऊ शब्दांत सांगण्याची माझी इच्छा नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारांत समावेश आहे. त्यामुळे अशा रुग्णाला निवासी उपचार देणाऱ्या संस्थेला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, आणि रुग्णाचे हक्क तिला बंधनकारक असतात. रुग्णाला साखळीने बांधण्यास हा कायदा कोणत्याही स्वरूपात मनाई करतो. संमतीशिवाय दाखल करण्याची एक वाट कायद्यात आहे, पण ती अरुंद आहे. रुग्ण स्वतःला वा इतरांना इजा करण्याच्या स्थितीत असेल किंवा स्वतःची काळजी घेण्यास इतका असमर्थ असेल की त्यातून धोका निर्माण होईल, आणि दोन तज्ज्ञांनी, ज्यांपैकी एक मानसोपचारतज्ज्ञ असला पाहिजे, त्याला स्वतंत्रपणे तपासून तसे नोंदवले असेल, तरच त्याला सुरुवातीला जास्तीत जास्त 30 दिवस ठेवता येते. फोनवरून ठरलेले सहा महिने आणि तीन महिन्यांची भेटबंदी यांत हे काहीच बसत नाही. जिथे घरच्यांना तीन महिने आत डोकावू देत नाहीत तिथे आत काय चालते हे विचारण्याची सोयच उरत नाही. अशा ठिकाणाहून परतलेले पुरुष मी पाहिले आहेत. ते सहा महिने प्यायलेले नसतात, हे खरे. पण ज्या पत्नीने वा भावाने फोन केला त्याच्याविषयीचा राग त्यांनी तेवढे दिवस मनात जपलेला असतो, आणि पहिली बाटली त्या रागापोटीच उघडली जाते.

मग न्यायचे कसे? संमती मिळणे तुम्हाला आज अशक्य वाटत असेल, पण तुमचे पती दरवर्षी श्रावणात सोडतात, म्हणजे सोडण्याची इच्छा त्यांच्यात आहे. ती बळकट करायची आहे. ते प्यायलेले असताना किंवा अंगाला थरथर सुटलेली असताना हा विषय काढू नका. दिवसातला जो तास ते त्यातल्या त्यात शांत असतात तो तुम्हाला माहीत आहे. तेव्हा, शक्यतो ज्याच्या शब्दाला ते मान देतात अशा एकाच माणसाला बरोबर घेऊन बोला. तो कारखान्याचा मालक असू शकेल, जुना मित्र असू शकेल; दारू सोडलेला एखादा सहकारी मिळाला तर सर्वांत उत्तम. भावकी जमवून पंचायत बसवू नका, कारण चारचौघांत अपमान झालेला पुरुष आजार कबूल करत नाही, तो स्वतःचा बचाव करू लागतो. श्रावणातल्या त्या रात्री काय काय घडले हे त्यांना बहुधा आठवतही नसेल. ते कोणताही आरोप न करता सांगा आणि आपण एकदा डॉक्टरांना दाखवू एवढेच मागा. पहिली मागणी केंद्राची न करता तपासणीची केली तर ती मान्य होण्याची शक्यता बरीच अधिक असते. कोल्हापूर किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाचा बाह्यरुग्ण कक्ष तुम्हाला जवळ पडेल.

तुमचा खरा प्रश्न मात्र पुरुषांच्या केंद्राविषयीचा आहे, आणि तो फार थोडे लोक विचारतात. आपल्याकडील बहुतेक व्यसनमुक्ती केंद्रे पुरुषांचीच आहेत, कारण पिणाऱ्यांत पुरुषांची संख्या प्रचंड आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मद्य घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण 27.3 टक्के आणि स्त्रियांचे 1.6 टक्के आढळले. त्याच सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाले होते. परंतु केवळ पुरुषांना भरती केले म्हणून एखादा कार्यक्रम पुरुषांसाठी आखलेला ठरत नाही. तो तसा असेल तर त्यात अशा गोष्टींवर काम होते ज्या पुरुष इतरत्र कुठेच बोलत नाहीत.

यांतल्या काही गोष्टी मी उघडपणे लिहितो, कारण तुमच्या घरातही त्या घडत असण्याची शक्यता आहे. दीर्घकाळच्या मद्यपानाने पुरुषाची लैंगिक क्षमता कमी होते. त्याची त्याला अतोनात लाज वाटते, ती तो कोणाला सांगत नाही, आणि पुष्कळदा त्यातूनच पत्नीविषयी संशय उगवतो. ती कोणाशी बोलली, कुठे गेली, उशीर का झाला, यावरून रोजची भांडणे आणि मारहाण होते, आणि घरच्यांना वाटते की हा स्वभावच दुष्ट आहे. मद्यासक्तीत दिसणारा हा संशय मानसोपचारतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे आणि त्यावर उपचार होतात. पत्नीसमोर किंवा स्त्री समुपदेशकासमोर हे बोलायला जो पुरुष कधीच तयार होणार नाही, तो समूहातल्या दुसऱ्या पुरुषाने आधी सांगितल्यावर हळूहळू बोलू लागतो. दुसरी गोष्ट दुःखाची. वडील गेले, कर्ज झाले, कारखान्यात अपमान झाला, मूल दगावले, तरी आपल्या पुरुषांना रडण्याची मुभा नसते, मात्र पिण्याची असते; पिऊन रडले तर लोक समजून घेतात. असा माणूस 42 व्या वर्षी दारू सोडतो तेव्हा राग सोडून दुसरी कोणतीही भावना शुद्धीत असताना व्यक्त कशी करायची हे त्याला अक्षरशः पहिल्यापासून शिकावे लागते, आणि ते शिकायला त्याच्यासारखीच माणसे लागतात.

म्हणून, सगळे पिणारेच एकत्र आल्यावर ते आणखी बिघडतील का, याचे माझे उत्तर असे की, ते त्या समूहाला कोण आणि कसे चालवते यावर अवलंबून आहे. चांगल्या केंद्रात समूहाची बैठक प्रशिक्षित समुपदेशक घेतात आणि त्यांच्यातले बरेच जण स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले असतात. आपल्यासारखीच सकाळी उठल्याबरोबर प्यायलेला, आपल्यासारखाच बायकोचे दागिने मोडलेला माणूस समोर शांतपणे बसून बोलतो आहे, हे दृश्य तुमच्या पतींनी आजवर पाहिलेले नाही. त्याचा परिणाम कोणत्याही उपदेशाहून खोल होतो. याउलट वाईट केंद्रात जुने रुग्ण नव्यांवर दादागिरी करतात, शिक्षा म्हणून संडास धुवायला लावतात, मारतात, आणि रात्री बैठका रंगतात त्या कोणी किती ढोसली याच्या बढायांच्या. तिथे तुमची भीती खरी ठरते.

पुण्याच्या येरवडा भागातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे उदाहरण घ्या. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या मदतीने ते 1986 मध्ये सुरू केले. तिथला मुख्य निवासी कार्यक्रम साधारण पाच आठवड्यांचा असून औषधोपचारांच्या जोडीला समुपदेशन, समूह उपचार, योग, श्रम आणि कला यांना त्यात स्थान आहे, आणि रुग्णांच्या पत्नींसाठी सहचरी हा वेगळा गट चालतो. स्त्रियांच्या गरजा वेगळ्या आहेत हे ओळखून संस्थेने पुढे त्यांच्यासाठी निशिगंध हा स्वतंत्र विभाग उभारला. तुम्ही तिथेच जावे असा माझा आग्रह नाही. पुणे तुम्हाला दूर पडेल, आणि जवळच्या केंद्रात पाठपुराव्यासाठी वरचेवर जाता येणे हा मोठा लाभ असतो. पण कोणत्याही केंद्राची पारख करताना या उदाहरणाचा उपयोग होईल.

पारख करायला स्वतः जा, दिवसाउजेडी, आणि शक्य असल्यास पतींनाही घेऊन जा. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मागा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि रात्री फिट आली तर कोण धावून येते, हे विचारा. तुमच्या पतींच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर तिथून परत फिरा आणि पहिले आठ-दहा दिवस रुग्णालयातच काढा. पहिल्या काही दिवसांनंतर घरच्यांना भेटता वा बोलता येते का, कुटुंबीयांच्या बैठका होतात का, हेही विचारा. शुल्क लेखी घ्या. आरोग्य विम्याच्या भरवशावर राहू नका, कारण अनेक पॉलिसींमध्ये व्यसनाचे उपचार स्पष्टपणे वगळलेले असतात. पॉलिसीतील ते कलम आधी वाचून घ्या. कारखान्यातून राज्य कामगार विमा लागू असेल तर त्या दवाखान्यातही चौकशी करा. जो संचालक शंभर टक्के गॅरंटी देतो त्याच्याकडे जाऊ नका.

कारण पाच आठवड्यांत कोणीही पूर्ण बरा होत नाही. तिथे त्याला पहिली उभारी आणि काही कौशल्ये मिळतात. खरी कसोटी घरी आल्यावर लागते, आणि जॉबरच्या बाबतीत ती पगाराच्या दिवशी लागते. जो रस्ता कारखान्यातून दारूच्या दुकानावरून घरी येतो, जे मित्र पाळी सुटल्यावर वाट पाहतात, रात्रपाळीनंतरची जी झोप येत नाही, त्यांचा विचार केंद्रात असतानाच समुपदेशकांबरोबर बसून करायला हवा. पगार काही महिने थेट तुमच्या खात्यात जमा व्हावा, रात्रपाळी सहा महिने तरी नसावी, हे पतींच्या संमतीने मालकांशी बोलून ठरवता येईल. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या सभांना नियमित जाण्याने पुष्कळांना टिकून राहता आले आहे. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेचे मराठीतून चालणारे गट महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहेत आणि तिथे शुल्क लागत नाही. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधेही आहेत. ती यकृताची स्थिती पाहून डॉक्टर ठरवतील. आणि मध्ये एखाद्या दिवशी ते प्यायलेच, तर सगळे संपले असे समजू नका. दुसऱ्या दिवशी केंद्राला कळवा. एका दिवसाची घसरण लपवली गेली की तिचे आठवडे होतात.

एक गोष्ट पत्नींना सहसा कोणी आधी सांगत नाही. गेल्या पंधरा वर्षांत घर तुम्ही एकटीने ओढले आहे. हिशेब, शाळा, लग्नकार्ये, सारे निर्णय तुमचे. शुद्धीवर आलेला नवरा घरी येतो तेव्हा त्या घरात त्याच्यासाठी जागाच उरलेली नसते, आणि ती त्याने लगेच मागितली की तुमचा संताप होतो. तो संताप रास्त आहे. सगळा कारभार एकदम त्यांच्या हाती देऊ नका, आणि त्यांना कायम आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करू नका. एखादी छोटी जबाबदारी द्या, ती महिनाभर पार पडली की दुसरी. त्यांची उधारी फेडणे आणि मालकांना त्यांच्यासाठी खोटे सांगणे तुम्ही आजपासूनच थांबवू शकता, त्यासाठी ते केंद्रात जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मारहाण होत असेल तर ती आजाराच्या नावाखाली सहन करू नका. 112 आणि महिलांसाठीचा 181 हे क्रमांक जवळ ठेवा. उपचार आणि संरक्षण दोन्ही एकाच वेळी मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

मुलाला बोलायला भाग पाडू नका. वडिलांना एक आजार आहे, त्यावर उपचार आहेत, तो आजार तुझ्यामुळे झालेला नाही आणि तो बरा करणे तुझे काम नाही, एवढे त्याला आताच सांगा, कारण नववीतला मुलगा हे प्रश्न स्वतःला विचारत असतो आणि उत्तरे एकट्याने शोधतो. केंद्रातल्या कौटुंबिक बैठकीला त्याला न्यायचे की नाही हे समुपदेशकांना विचारून ठरवा. वडिलांना माफ कर असे मात्र त्याला कोणीही सांगू नये. तो कधी आणि किती बोलू लागेल हे त्याचे त्याला ठरवू द्या.

14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा आणि 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याविषयीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक आहे. दोन्ही निःशुल्क आहेत, आणि पती तयार नसतानाही तुम्ही स्वतः त्यांवर बोलू शकता. मानसोपचार विभागात पहिल्या खेपेला ते आले नाहीत तर तुम्ही एकट्या जा. ते दिवसाला किती आणि कोणती दारू घेतात, दिवसातली पहिली कधी घेतात, श्रावणात बंद केल्यापासून कितव्या तासाला काय झाले, पूर्वी कधी फिट आली होती का, आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत, हे सगळे कागदावर लिहून न्या. तो कागद पाहून डॉक्टर त्यांना रुग्णालयात ठेवायचे की थेट केंद्रात न्यायचे हे सांगू शकतील, आणि दिरांना काय उत्तर द्यायचे हेही तुम्हाला तिथेच कळेल.